बिनकडेची

कीस नाही बाबा, कीश,
ती म्हणते, आणि ओठ पुढे काढून परत एकदा,
जणू मला बासरीची फुंकर शिकवतेय.
मला आपला कीस ठाऊक:
गाजराचा, बटाट्याचा, उपासाच्या दिवशीचा,
आणि शिवाजीनगरच्या कोर्टात
दोन काळ्या कोटांनी अडीच वर्षं पाडलेला,
एकेका शब्दाचा.

शनिवार. अकरा वाजता तिची आई
पद्मावतीच्या चौकाअलीकडे, आमच्या गेटपाशी
स्कूटर बंद न करता तिला उतरवते.
हेल्मेटची काच वर होत नाही.
मी गॅलरीतून हात केलेला असतो,
तो मग दोरीवरच्या टॉवेलकडे वळवतो.

शर्वाणी अकरा वर्षांची. कडा खात नाही.
पोळीची नाही, भाकरीची नाही, पावाची तर नाहीच.
जेवण झालं की तिच्या ताटात कोरी उरतात,
त्या मी खातो. म्हणजे खायचो, रोज.
आता शनिवारच्या शनिवार.

औंधला मैत्रिणीकडे खाल्ली म्हणे तिने ही वस्तू.
"तिला खाली पोळीसारखी कड असते,
आपण बिनकडेची करू. सोप्पी असते."
मी बायंडर माणूस,
अप्पा बळवंत चौकामागच्या बोळात
दिवसभर गठ्ठ्यांच्या कडा छाटतो,
संध्याकाळी कागदाच्या फिती पोत्यात दाबून भरतो.
बिनकडेचं म्हटल्यावर वाटलं, जमेल.

ओव्हन त्या घरी गेला. इथे कुकर:
शिट्टी काढायची, रिंग काढायची,
तळाला अर्धा किलो जाडं मीठ, वर स्टँड,
दहा मिनिटं नुसता तापू द्यायचा.
तोवर चार अंडी. पहिलं तिने फोडलं,
टरफलाचा तुकडा आत, तो बोटाला सापडेना,
आम्ही दोघं वाडग्यात वाकून.
अर्धा कप दूध, चमचाभर बेसन.
"बेसन नसतं त्यात."
"आपल्यात असतं."
पालक, ढोबळी मिरची, कांदा परतून गार केलेला,
गाजराचा (हो, हो) कीस,
चीजचे दोन क्यूब, त्यातला दीड भांड्यात पोचला.
मिरपूड. डब्याला आतून तूप.

मग पस्तीस मिनिटं.
ओट्यावर बसून पाय हलवत ती विचारते,
"मी कुणाची कड घेते असं वाटतं तुला?"
शेजारच्या वैशंपायनांचा मिक्सर सुरू झाला.
बरं झालं.
तो थांबल्यावर मी म्हटलं, तू लहान असताना
मी तुला या कडेवर घ्यायचो, डाव्या,
आणि आई उजव्या.
हे उत्तर नव्हतं. तिलाही कळलं.
तिने उतरून सुरी खुपसून पाहिली. ओली आली.
"अजून पाच," ती.
मी दहा म्हटलं.
सातावर मिटलं.

ताटात उपडी केली तर अख्खी निघाली,
मधे पिवळी, हिरवे ठिपके,
आणि भोवती, कुणी न घालता,
तपकिरी, कुरकुरीत, चांगली बोटभर
कड.
"ही कशी आली?"
भांड्याला लागलं की येतेच, मी म्हटलं.
तिने टोक मोडलं. चावलं. दुसरं मोडलं.
मी सवयीने तिच्या ताटाकडे डोळा ठेवून जेवत होतो.
काहीच उरलं नाही.

सहा वाजता डबा पुढे केला, "आईला."
मी मधला तुकडा कापायला घेतला
तर माझं मनगट सरकवून म्हणाली, कडेचा दे.
खाली स्कूटर. चालूच.

रात्री नऊ वाजून चार मिनिटांनी मेसेज,
वर नाव नाही, खाली काही नाही:
मीठ कमी.

मी उठून कुकर उघडला.
तळाशी अर्धा किलो, तापून राखाडी झालेलं,
अजून कोमट.